दाराबाहेरची ओळख

दुकानात बूट घ्यायला गेलेल्या बाईने, समोर गुडघा टेकून बसलेल्या परक्या पुरुषाच्या डोक्यावर दोन बोटं ठेवावीत, आणि नुसती ठेवू नयेत तर तिथली कातडी चांगली ताणून बघावी, हे कुणालाही शोभणारं नाही. पण झालं ते असंच झालं.

तो तिचा डावा पाय लोखंडी मापावर ठेवून वाकला होता. वर ट्यूबलाइट. समोर हाताच्या अंतरावर त्याचं डोकं : पुढून उजाड, मागे भोवऱ्यापाशी वाटीएवढी मोकळी जागा, आणि दोन्हींच्या मधे थोडे केस उगाच हट्टाने उभे, सभा संपली तरी न उठणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे. ती गेली अकरा वर्षं रोज सहा-सहा तास अशीच डोकी दिव्याखाली बघत आली होती. डोकं दिसलं की तिच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढे होत. आजही झाली.

तो हलला नाही. मान खाली ठेवूनच म्हणाला, "काही पडलंय का?"

"नाही."

"मग... उगवलंय?"

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "माफ करा. सवय आहे. म्हणजे — कामाची सवय."

"डोक्यावर हात ठेवायचं काम?" आता त्याने वर पाहिलं. डोळे हसत होते, बाकीचा चेहरा गिऱ्हाइकापुढचा, नम्र. "आशीर्वाद वगैरे देता का?"

"ठिपके काढते." तिला आपलं काम चारचौघांत सांगायची सवय नव्हती, त्यामुळे ते एका दमात बाहेर आलं. "ज्यांचे केस गेलेत त्यांच्या डोक्यावर. बारीक सुईने, कातडीच्या वरच्या थरात, रंगाचे. डोकं भादरल्यावर केसांचे खुंट दिसतात ना, तसे दिसतात. बघणाऱ्याला वाटतं केस आहेत, मुद्दाम बारीक ठेवलेत."

"लांबून."

"जवळूनही. मी काढले असतील तर."

"अच्छा," तो म्हणाला, आणि पुन्हा पायाकडे वळला. दुसरा पाय मापला. मग पुन्हा पहिला. "बाई, तुमचा डावा साडेपाच आहे आणि उजवा पाच. कधी कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मग आजवर साडेपाचाचीच जोडी घेत असाल. म्हणजे इतकी वर्षं एका पायाने सैल चालताय."

लहानपणापासून आई म्हणायची, फटक फटक करत चालू नकोस. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि चालणं तसंच होतं. आपली चालच वाईट, असं तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. ह्या माणसाने मागून एक पातळ सुखतळा आणला, कात्रीने अर्धचंद्रासारखा कापला, उजव्या बुटात बसवला आणि म्हणाला, "आता चाला."

ती आरशापर्यंत चालत गेली आणि परत आली. आवाजच नव्हता.

निघताना काय बोलावं ते न सुचून तिने पर्समधलं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, टक्कल पडलेल्या माणसाला असं कार्ड देणं म्हणजे जाड माणसाला व्यायामशाळेचं पत्रक देण्यासारखं. ती मनातल्या मनात कपाळाला हात लावत घरी गेली. पण बिनआवाजाची.

*

ती काम करायची ती खोली एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे होती. दुसरा मजला. एक लांब खाट, एक फिरतं स्टूल, वर हलता दिवा, रंगांच्या वाट्या, आणि रस्त्याकडे उघडणारी एकच खिडकी. काम करताना ती डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर भिंगाचा चष्मा लावायची. टोपीत तिची कमरेपर्यंतची वेणी कोंबलेली असायची. उपाशी माणसासमोर ताट वाढून घेऊ नये, म्हणून.

हे काम तिला जिने शिकवलं त्या बाईने पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला होता. सुई कशी धरायची ते नंतर, आधी नियम. "दाराबाहेर आपण कुणालाही ओळखत नाही. हा माणूस इथे आला होता हे त्याच्या बायकोलाही कदाचित माहीत नसेल. आपण रस्त्यात 'काय, कसं काय' केलं, तर शेजारचा विचारणारच, ह्या कोण? झालं. आपलं सगळं काम पाण्यात. पहिली ओळख त्यांनी दाखवायची. त्यांनी दाखवली, तरच आपण."

नियम चांगलाच होता. ती तो प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायची. फक्त झालं असं, की अकरा वर्षांत, चारशेच्या वर डोकी झाली, पण पहिली ओळख कुणी दाखवली नाही. मग नियमाचा दुसरा अर्धा भाग, त्यांनी दाखवली तर आपण, तिने सांगणंच सोडून दिलं. न लागणारा कप्पा आपण हळूहळू उघडेनासे होतो, तसं.

बाकी ती सगळ्यांना ओळखायची. तिला त्यासाठी चेहरा लागायचा नाही. सरकत्या जिन्यावर पुढच्या माणसाची मान दिसली की कळायचं, हे आपलं काम. बँकेत, दवाखान्याच्या रांगेत, बागेतल्या बाकावर. कानामागचे ठिपके जरा दाट झाले होते, हे तिसऱ्या वर्षीचं. कपाळावरची रेघ सुंदर तुटक आली होती, हे परवाचं. त्या माणसांनी तिच्यासमोर खाटेवर झोपून घटस्फोटांबद्दल, बापांबद्दल, आरशांबद्दल सांगितलं होतं. एक जण तर ढसाढसा रडला होता. आणि आता तेच तिच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं बघून पुढे जायचे. तिचा राग नव्हता त्यांच्यावर. काम चांगलं झालं की ते दिसायचं नाही, आणि जे काम दिसूच द्यायचं नाही, ते करणारीकडे कुणी कसं बघावं? पण संध्याकाळी घरी येऊन एका माणसाचं जेवण करताना तिला कधीकधी वाटायचं, आज दिवसभरात मला बघून कुणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही.

एका माणसाचं जेवण कितीही मोजून करा, उरतंच.

*

तो वीस दिवसांनी आला. हातात तिचंच कार्ड, कोपरे मऊ झालेले.

"बुटांच्या दुकानातला," त्याने आपली ओळख करून दिली.

"आठवतंय," ती म्हणाली. "भोवरा डावीकडे."

"साडेपाच, पाच," तो म्हणाला. "कसे आहेत?"

"सुखात."

खाटेवर बसल्यावर त्याने कारण सांगितलं. मोठी बहीण. त्याला तिनेच वाढवलेलं. तिच्या ऑफिसातली एक बाई त्याला भेटवायची तिने ठरवलं होतं, आणि आधी 'डोक्याचं काहीतरी कर' म्हणून सहा महिने डोकं खाल्लं होतं. "ताई म्हणते, पंचविशीत केस गेले तेव्हा तू हसण्यावारी नेलंस. आता छत्तिसावं लागलंय, आता लोक हसण्यावारी नेतील."

"आणि तुम्हाला स्वतःला?"

तो थोडा वेळ वाट्यांमधले रंग बघत राहिला. "बाई, मी दिवसभर लोकांच्या पायाशी बसतो. त्यांना माझा चेहरा दिसतच नाही. जे काय बोलतात ते माझ्या डोक्याशी बोलतात. परवा एक गिऱ्हाईक आलं, दोन वर्षांनी, आणि म्हणालं, मागच्या वेळचा तो टकलू कुठे गेला? मी त्यांच्याच पायात बूट चढवत होतो." तो हसला. "एवढ्यासाठी रडायचं नाही. पण चेहरा नाहीच बघायचा, तर निदान डोकं तरी जरा बरं असावं."

ती पहिल्यांदा नीट हसली. मास्क असल्याने ते त्याला दिसलं नाही.

मग तिने त्याला नियम सांगितला. "तीन बैठका होतील, मधे पंधरा-पंधरा दिवस. आणि एक. दाराबाहेर मी तुम्हाला ओळखत नाही. काळजी करू नका."

"असं," तो म्हणाला. "सगळ्यांनाच नाही ओळखत?"

"सगळ्यांनाच."

"मग ठीक."

उरलेले केस तिने मशिनने भादरले. सभेतले म्हातारे शेवटी उठले. मग पेन्सिलीने कपाळावर नवी हद्द आखली आणि त्याच्या हातात आरसा दिला. तो म्हणाला, जरा खाली घ्या ना, कॉलेजात होती तिथे. ती म्हणाली, "कॉलेजातली रेघ छत्तिसाव्या वर्षीच्या चेहऱ्यावर काढली, की लोकांना कळतं. वयाला साजेशी काढावी. थोडी गेलेली, थोडी राहिलेली. आणि सरळ तर कधीच नाही. सरळ रेघ म्हणजे खोटी."

"तुम्ही हे माणसांबद्दल सांगताय की केसांबद्दल?"

"झोपा," ती म्हणाली.

तो उताणा झोपला. ती उशाशी स्टुलावर. त्यामुळे पुढचे तीन तास तिला त्याचा चेहरा उलटा दिसत होता आणि त्याला तिचे उलटे डोळे. सुईची घरघर. एकेक ठिपका, तांदळाच्या दाण्याच्या टोकाहून लहान. भोवऱ्याच्या जरा वर तिला मसुराएवढा व्रण लागला.

"हा कसला?"

"ताईने पाटी फेकून मारली होती. मी सहा वर्षांचा, ती तेरा."

"झाकून टाकते."

"नको," तो पटकन म्हणाला. "तो राहू दे. एवढा एकच पुरावा आहे माझ्याकडे तिच्याविरुद्ध."

तिने त्या जागेला सोडून बाजूने ठिपके काढले, पाण्यातल्या दगडाला प्रवाह वळसा घालतो तसे. जायच्या आधी तिने बजावलं : चार दिवस डोक्याला पाणी नाही, घाम नाही. ठिपके आता काळे दिसतील, घाबरू नका, आठवड्यात फिके होऊन बसतील.

दुसऱ्या बैठकीला तो एक बुटांचं खोकं घेऊन आला. आत दोन जादा सुखतळे होते, उजव्या पायाचेच, कापून तयार.

"एक तीन महिन्यांत दबतो," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही दुकानात आलात तर मी तुम्हाला ओळखायचं नाही, मग माप कसं विचारणार?"

त्या दिवशी तो बोलला पायांबद्दल. माणसं बूट काढतात तेव्हा खरं बोलतात, असं त्याचं म्हणणं. एक बाई दर वर्षी नवऱ्याच्या मापाचा जोड घेऊन जाते, नवरा वारून चार वर्षं झालीत. तो तिला काही विचारत नाही, बांधून देतो. एक जण मोज्याला भोक असलं की आधी सॉरी म्हणतो. "तुम्ही नाही म्हणालात," तो म्हणाला.

"माझ्या मोज्याला भोक होतं?"

"करंगळीपाशी. लहानसं. छान होतं."

भोक छान कसं असतं हे तिला विचारायचं होतं. पण हात स्थिर ठेवायचा होता. ह्या कामात हात हलून चालत नाही.

काम संपलं तेव्हा खिडकीबाहेर बारीक पाऊस लागला होता, अवेळी, कुणी बोलावलेला नसताना आलेल्या पाहुण्यासारखा. ताज्या ठिपक्यांवर थेंब पडून चालणार नव्हतं. टोपी तिने घालू दिली नसती, घासते. छत्री दोघांकडेही नव्हती. मग त्याने खोक्याचं झाकण काढलं, छतासारखं डोक्यावर धरलं आणि म्हणाला, "येतो."

ती खिडकीशी गेली. वरून तो दिसतच नव्हता. रस्त्यावरून फक्त एक पांढरं झाकण चाललं होतं, माणसं, गाड्या चुकवत, थांबत, पुन्हा निघत. कोपऱ्यावर झाकण थांबलं. थोडं तिरकं झालं, जणू खालच्या माणसाने वर बघितलं. तिने हात वर केला नाही. तो दाराबाहेर होता ना.

त्या संध्याकाळी तिने घरी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा कप दोन घेतले. एक परत ठेवला.

*

तिसऱ्या बैठकीला करण्यासारखं फार उरलं नव्हतं. थोडं मागे, थोडं कानशिलावर. तासाभराचं काम. तिच्या मनात एक पाप येऊन गेलं : इथे चार जागा मोकळ्या ठेवल्या, तर चौथी बैठक लागेल. कुणाला कळणार आहे? तिने त्या चार जागा बघितल्या. मग एकेक करून नीट भरल्या. कामाशी लबाडी केली असती, तर मग तिच्याजवळ उरलंच काय असतं?

त्याने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच, जणू परक्याच्या डोक्यावरून, हात फिरवला.

"मी आहे हा," तो म्हणाला.

"तुम्हीच."

"दर दोन दिवसांनी भादरायचं."

"हो. आणि उन्हात मलम."

"आणि मग... तीन-चार वर्षांनी फिके झाले की पुन्हा यायचं."

"हो."

"तीन-चार वर्षांनी," तो म्हणाला.

सुई बंद होती, तरी खोलीत काहीतरी घरघरत होतं. त्याने चपळाईने बूट घातले, लेस बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. दाराशी वळून म्हणाला, "तो दाराबाहेरचा नियम... तो पक्काच आहे?"

आता ह्या प्रश्नाला तिला किती उत्तरं देता आली असती. पण अकरा वर्षांचं वळण. तिला वाटलं, बिचाऱ्याला ताईच्या ऑफिसातल्या बाईची काळजी असणार. कुठे बोभाटा होऊ नये.

"एकदम पक्का," ती धीर देत म्हणाली. "अगदी निर्धास्त राहा."

तो मान हलवून गेला.

*

शनिवारी ती पाव घ्यायला बेकरीत शिरली. बेकरीला लागूनच कॉफीची चार टेबलं होती. खिडकीच्या टेबलावर दोन बायका आणि तो. एक ताई असणार हे तिने भोवऱ्यावरून ओळखलं. घराण्याचाच डावीकडे होता. दुसरी, आखूड केसांची, प्रसन्न, त्याच्याकडे बघून काहीतरी ऐकत होती.

तिने त्याला पाहिलं तेव्हाच त्यानेही पाहिलं. त्याची खुर्ची मागे सरकली. तो अर्धवट उठला. हात अर्धा वर आला.

तिच्या डोक्यात सगळं एकदम : बहीण आहे, ती बाई आहे, सांगितलं असेल की नसेल, एका शब्दाने सगळं... आणि तिची नजर त्याच्यावरून सरकून मागच्या भिंतीवर गेली, तिथल्या किंमतींच्या फळ्यावर थांबली, आणि परत पावाकडे आली. इतकं बेमालूम, की स्वतःची कारागिरी बघून तिलाच भीती वाटली.

पाव घेऊन ती बाहेर पडली. घरी जाऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि बसून राहिली. अर्धा वर आलेला हात म्हणजे ओळख का? की नुसता हात? साखर मागत असेल. नाकावर माशी असेल. माणसं हात वर करतातच.

पाव दुसऱ्या दिवशी कडक झाला. अख्खा.

मग दीड महिना गेला. ह्या दीड महिन्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तेच त्याचं वाईट होतं. ती सकाळी जायची, ठिपके काढायची, यायची. रेडिओवरच्या बाईशी बोलायची. वाट वाकडी करून बुटांच्या दुकानाचा रस्ता टाळायची, आणि टाळून झाल्यावर तो टाळला याचं वाईट वाटून घ्यायची. उजव्या बुटातला सुखतळा दबला होता, पण त्याने दिलेले दोन खोक्यात तसेच होते. ते वापरले की संपणार. ती पुन्हा फटक फटक करत चालू लागली.

ते डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. पन्नाशी पुढच्या, तोंडाने फटकळ, कानाने त्याहून तिखट. "अगं, काय घोड्यासारखी टापा टाकत चाललीस? मधे तर मांजर झाली होतीस."

"सुखतळा दबलाय."

"मग बदल. तो बुटवाला तुझा पेशंटच होता ना?"

"दाराबाहेर मी ओळखत नाही."

"त्याने दाखवली तर ओळखतेस ना?"

ती वाट्या पुसू लागली.

"हे त्याला माहीत आहे का?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेतला. "की त्याला अर्धाच नियम सांगितलास, नेहमीसारखा? मी भिंतीपलीकडेच बसते गं. दहा वर्षं ऐकतेय. अर्धं औषध दिलं तर रोग बरा होत नाही, उलट चिघळतो."

जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं तिला झालं. एकदम पक्का, असं ती म्हणाली होती. निर्धास्त राहा. आणि पुढच्या शनिवारी ते करूनही दाखवलं होतं.

*

दुपारी दुकानात गर्दी होती. मालक गल्ल्यावर. बाकावर एक जाडजूड निवृत्त शिक्षिका, तिच्यापुढे तो गुडघ्यावर, आणि भोवती बुटांचा ढीग. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

त्याने बघितलं. आणि मग त्याने ते केलं, जे तिने बेकरीत केलं होतं. पण त्याला ते नीट जमत नव्हतं. कान लाल झाले.

"या, बसा," तो म्हणाला. "कोणता नंबर, बाई?"

कोणता नंबर. तिला वाटलं होतं त्याहून ते जास्त लागलं. चारशे माणसांनी अकरा वर्षांत मिळून दुखावलं नव्हतं तेवढं.

"सुखतळा झिजलाय," ती म्हणाली.

"काढा."

तो तिच्यापुढे येऊन बसला, मान खाली. दिव्याखाली तिचंच काम होतं, निर्दोष. फक्त भोवऱ्यावर मसुराएवढी मोकळी जागा. ती वाकली, लेस सोडायच्या निमित्ताने, आणि फक्त त्या जागेला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मी तुम्हाला एक गोष्ट अर्धीच सांगितली होती."

तो थांबला. "कोणती?"

"नियमाची. मी आधी ओळख दाखवायची नसते... हे खरं. पण समोरच्याने दाखवली तर — तर मी दाखवते. हा पुढचा भाग. तो मी सांगत नाही, कारण आजवर कुणाला लागलाच नाही."

त्याच्या हातातला बूट तसाच राहिला.

"अरे, मला विसरलास का?" पलीकडून शिक्षिकाबाईंचा वर्गात पोचणारा आवाज आला. "आणि काय रे, मघापासून विचारीन म्हणतेय. तुझे केस आले की! डोकं कसं भरलंय. कोणतं तेल? आमच्या ह्यांना सांगते."

"कांद्याचा रस लावतोय तो," मालक गल्ल्यावरून म्हणाले. "मी ओळखलंय. वास येत नाही एवढंच नवल."

दुकानातले तीन-चार चेहरे त्याच्या डोक्याकडे वळले. बोल काहीतरी, तिने मनात म्हटलं. तेलाचं नाव सांग आणि सुटका करून घे.

तो उठून उभा राहिला. दुकानात इतक्या वेळा आलेल्या त्या शिक्षिकाबाईंनी बहुधा तेव्हाच त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.

"बाई, हे केस नाहीत," तो म्हणाला. "ठिपके आहेत. सुईने काढलेले. किती असतील?" हा प्रश्न तिला होता.

"मोजले नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "दहा-बारा हजार."

"दहा-बारा हजार. आणि ते ह्यांनी काढलेत. एकेक करून." त्याने तिच्याकडे हात केला. "ह्यांना मी ओळखतो."

असं कुणी म्हणालं तर आपण काय म्हणायचं, हे तिने पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरवून ठेवलं होतं. छान वाक्य होतं. ते आता आठवेना.

"मीही," ती म्हणाली.

मग बराच गोंधळ झाला. शिक्षिकाबाई उठून चष्मा लावून त्याच्या डोक्यावर वाकल्या, "हात लावू का?" त्याने सांगितलं, "त्यांना विचारा, माल त्यांचा आहे." मालकांनी आपली टोपी काढून, 'आमचं काही होण्यासारखं आहे का' अशा बेताने डोकं चाचपून पाहिलं. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. उघड, भर दुकानात, टोपी नाही, मास्क नाही, पाठीवर वेणी, आणि पायात एकच बूट.

जेवणाच्या सुट्टीला मालकांनी शटर अर्धं ओढलं तेव्हा दोघं बाहेर पडली. नवा सुखतळा बसला होता.

"त्या शनिवारी," तो म्हणाला, "मी ताईच्या ऑफिसातल्या त्या बाईंना पहिल्या कपातच सांगून टाकलं, हे केस नाहीत म्हणून. त्यांनी विचारलं, कुणी केलं? तर मी पाऊण तास तुमच्याबद्दलच बोलत होतो. ताईने टेबलाखालून लाथ मारली. सात नंबर, टोकदार. आणि तेवढ्यात तुम्ही आत आलात... आणि गेलात. त्या बाईंनी विचारलं, ह्याच का त्या? मी म्हटलं, नाही... कुणी दुसरंच होतं."

"मी फळा वाचत होते," ती म्हणाली. "किंमतींचा. एकही आठवत नाही."

"ताई आजही म्हणते, तुझ्या डोक्यात भरलंय काय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"ठिपके, म्हणतो." तो थांबला. "आता आकडाही कळला."

समोरून एक गृहस्थ येत होते. तिसऱ्या वर्षीचे, कानामागे जरा दाट. त्यांनी तिला पाहिलं आणि सवयीने नजर दुकानाच्या पाट्यांवर नेली. तिनेही. ते गेले.

"तुमचे होते?" त्याने विचारलं.

"कोण?" ती म्हणाली. "मी नाही ओळखत."

तो हसला. मग त्याची नजर खाली गेली. माणूस शेवटी त्या धंद्यातला. "लेस सुटलीय," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, गुडघा टेकून बसला.

वरून ऊन पडलं होतं. मलम लावलेलं दिसत नव्हतं. लोक वळून बघत होते, आणि तिला जन्मात पहिल्यांदा ते बरं वाटत होतं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे झाली आणि त्या मसुराएवढ्या मोकळ्या जागेवर टेकली. ह्या वेळी मात्र आपोआप नव्हे.

तो हलला नाही. लेस ओढत, मान खाली ठेवूनच म्हणाला, "काही पडलंय का?"

"नाही."

"मग... उगवलंय?"

तिने हात काढला नाही.

"असं वाटतंय," ती म्हणाली.